विद्यार्थ्यांचा अभिप्राय आणि उच्च शिक्षणाची गुणवत्ता

महाविद्यालयाचे सत्र संपत आले की मुलांना एक प्रश्नावली भरून द्यावी लागते. पूर्वी ती छापील कागदावर असे, आता बहुतेक ठिकाणी ती मोबाईलवर येते. शिक्षक कसे शिकवतात, अभ्यासक्रम पूर्ण झाला का, ग्रंथालयात पुस्तके मिळतात का, असे प्रश्न तीत असतात. आमच्या अभ्यासिकेत येणाऱ्या पदवीच्या मुलामुलींना आम्ही एकदा सहज विचारले, "तुम्ही त्यात काय लिहिता?" बहुतेकांनी हसून सांगितले, "सगळीकडे 'उत्तम'वर खूण करतो आणि मोकळे होतो." एक मुलगी मात्र हसली नाही. ती म्हणाली, "वर रोल नंबर लिहायला सांगतात. अंतर्गत गुण त्याच सरांच्या हातात असतात. खरे लिहून मी काय मिळवायचे?"

त्या दिवशी तिच्या प्रश्नाला आमच्याजवळ नीट उत्तर नव्हते. ते शोधण्याच्या प्रयत्नातून हा लेख तयार झाला आहे. मंडळाचे सभासद आणि विद्यार्थी या दोघांनीही तो वाचावा, ही विनंती.

अभिप्राय म्हणजे काय?

अभिप्राय म्हणजे स्तुती नव्हे आणि तक्रारही नव्हे. शिकणाऱ्याने शिकवणाऱ्याला प्रांजळपणे सांगितलेला आपला अनुभव म्हणजे अभिप्राय. डॉक्टर विचारतात, "औषधाने उतार पडला का?" अंगात ताप असताना रोग्याने संकोचापोटी "बरे वाटते" असे सांगितले, तर डॉक्टर तेच औषध पुढे चालू ठेवतील. नुकसान रोग्याचेच होईल. शिक्षणाचेही तसेच आहे. विद्यार्थ्याला किती आले हे परीक्षा सांगते. का आले नाही, हे मात्र विद्यार्थीच सांगू शकतो.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात हर्मन रेमर्स यांनी १९२० च्या दशकातच विद्यार्थ्यांकडून अध्यापनाचे मूल्यमापन करून घेण्याची श्रेणीपद्धत तयार केली होती. ब्रिटनमध्ये २००५ पासून पदवीच्या अखेरच्या वर्षातील विद्यार्थ्यांचे राष्ट्रीय सर्वेक्षण होते. शिकणाऱ्याची अडचण ओळखून शिक्षणाची घडी बसवण्याचे आपल्या जवळचे उदाहरण तर मुंबईतच आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, तेव्हा नोकरी करणाऱ्या तरुणांना शिकता यावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग ठेवण्यात आले. त्याच महाविद्यालयात विद्यार्थ्यांची संसदही भरत असे. विद्यार्थ्याने उभे राहून आपले म्हणणे मांडावे, ही परंपरा आपल्याला परकी नाही.

नॅकची पद्धत

महाविद्यालयांच्या गुणवत्तेचे मूल्यांकन करण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९४ साली राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषद, म्हणजेच 'नॅक', स्थापन केली. तिचे मुख्यालय बंगळुरू येथे आहे. २०१७ साली नॅकने आपली पद्धत बदलली आणि विद्यार्थी समाधान सर्वेक्षणाचा तीत समावेश केला. संलग्न महाविद्यालयांसाठी एकूण १००० गुणांपैकी ५० गुण या एका सर्वेक्षणाला ठेवण्यात आले. यात महाविद्यालयाने विद्यार्थ्यांची यादी द्यायची आणि नॅकने परस्पर त्यांच्याकडे प्रश्नावली पाठवायची, अशी व्यवस्था केली गेली.

त्या प्रश्नावलीत २१ प्रश्न ठेवले गेले. पहिलाच प्रश्न अभ्यासक्रमाचा किती भाग वर्गात शिकवून झाला, हा आहे. अंतर्गत मूल्यमापन न्याय्य होते का, तुम्ही केलेल्या कामाबद्दल शिक्षक तुमच्याशी चर्चा करतात का, असेही प्रश्न आहेत. शेवटच्या प्रश्नात अध्यापन सुधारण्यासाठी तीन सूचना मागितल्या आहेत. आमच्या मते हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि आपली मुले नेमका तोच रिकामा सोडतात.

याशिवाय महाविद्यालयाने स्वतः अभिप्राय गोळा करावा, त्याचे विश्लेषण करावे आणि त्यावर काय कार्यवाही केली ते जाहीर करावे, अशीही नॅकची अपेक्षा राहिली आहे. म्हणून केवळ प्रश्नावल्या भरून घेतल्याने महाविद्यालयाचे काम संपत नाही.

सरासरीत हरवलेली मुले

आता एक हिशेब पाहू. समजा, वर्गात ६० विद्यार्थी आहेत. त्यांतील ४० इंग्रजी माध्यमातून आलेले आहेत. त्यांना व्याख्यान समजते, ते शिक्षकाला ५ पैकी ५ गुण देतात. उरलेले २० मराठी माध्यमातील आहेत. त्यांना निम्मे कळत नाही, ते २ गुण देतात. एकूण गुण झाले २४०, आणि सरासरी आली ४. अहवालात लिहिले जाईल, 'अध्यापन उत्तम'. वर्गाचा तिसरा हिस्सा मात्र अंधारातच राहील.

ऐरोली, घणसोली, तुर्भे, नेरूळ येथील आपल्या अनेक घरांतून महाविद्यालयात जाणारी ही पहिलीच पिढी आहे. आई-वडील ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांत किंवा तुर्भ्याच्या बाजारसमितीत राबतात. वर्गात काय समजले नाही, हे घरी विचारायला कोणी नसते. सरासरीत हरवतात ती बहुधा हीच मुले. यास्तव महाविद्यालयांनी नुसती सरासरी न पाहता कमी गुण देणारे कोण आहेत आणि ते काय सांगत आहेत, हे पाहिले पाहिजे. आणि मुलांनी 'उत्तम'वर डोळे मिटून खूण केली, तर हा हिशेब कोणालाच कधी दिसणार नाही.

अभिप्रायाच्या मर्यादा

तथापि अभिप्राय म्हणजे अंतिम सत्य नव्हे, हेही लक्षात ठेवावे. कॅनडातील बॉब उट्ल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली जुन्या अभ्यासांची एकत्र फेरतपासणी केली. विद्यार्थ्यांनी शिक्षकाला दिलेले गुण आणि विद्यार्थ्यांचे प्रत्यक्ष शिकणे यांत त्यांना संबंध आढळला नाही. अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात, केवळ दूरस्थ वर्ग घेणाऱ्या शिक्षकांना विद्यार्थ्यांसमोर कधी पुरुषाचे तर कधी स्त्रीचे नाव देण्यात आले. ज्या नावाखाली शिक्षक पुरुष भासला, त्याला अधिक गुण मिळाले. नावावरून माणूस जोखण्याची खोड आपल्या समाजात किती जुनी आहे, हे आम्ही सांगायला नको. आडनाव पाहून शिक्षकाला कमी लेखले जाणे आपल्याकडेही अशक्य नाही. म्हणून अशा गुणांवरून शिक्षकाची बढती किंवा नोकरी ठरवणे अन्यायाचे होईल. अभिप्रायाचा उपयोग शिकवणे सुधारण्यासाठी व्हावा, शिक्षकाला शिक्षा करण्यासाठी नव्हे.

विद्यार्थ्यांनी काय करावे?

पहिली गोष्ट म्हणजे नेमके लिहावे. 'सर चांगले शिकवत नाहीत' या वाक्याने शिक्षक दुखावतात, पण काय बदलायचे ते त्यांना कळत नाही. त्याऐवजी 'पारिभाषिक शब्द फळ्यावर लिहून त्यांचा अर्थ एकदा मराठीतून सांगावा' असे लिहिले, तर दुसऱ्या दिवसापासून बदल होऊ शकतो. दुसरी गोष्ट, जे चांगले आहे तेही लिहावे, म्हणजे ते टिकेल. तिसरी, व्यक्तीच्या स्वभावावर, पेहरावावर किंवा बोलण्याच्या ढबीवर टीका करू नये.

चौथी गोष्ट, अभिप्राय आणि तक्रार यांत गल्लत करू नये. शिष्यवृत्तीधारकाकडून बेकायदा पैसे मागणे, जातीवरून अपमान करणे, गुण रोखून धरणे या गोष्टी प्रश्नावलीत लिहिण्याच्या नव्हेत. त्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समितीची तरतूद आहे. या समितीवर किमान एक महिला आणि किमान एक व्यक्ती अनुसूचित जाती, जमाती किंवा इतर मागासवर्गातील असली पाहिजे. तेथे न्याय मिळाला नाही, तर लोकपालाकडे दाद मागता येते. तक्रार लेखी द्यावी आणि तिची प्रत जपून ठेवावी.

महाविद्यालयांनी काय करावे?

अभ्यासिकेतील त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर खरे तर महाविद्यालयांनीच द्यायचे आहे. प्रश्नावलीवर नाव किंवा रोल नंबर मागू नये. ज्या शिक्षकाबद्दल अभिप्राय आहे, त्याने ती गोळा करू नये आणि निकाल जाहीर होईपर्यंत ती त्याला दाखवू नये. सत्राच्या शेवटी दिलेल्या अभिप्रायाचा लाभ पुढच्या तुकडीला होतो, लिहिणाऱ्याला होत नाही. म्हणून पाचव्या-सहाव्या आठवड्यातच शिक्षकांनी बिननावाची चिठ्ठी मागवावी. त्यात दोनच प्रश्न असावेत : काय समजले? काय समजले नाही? याला पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही. आणि पुढच्या तासाला शिक्षकाने "तुमच्यापैकी अनेकांनी असे लिहिले, म्हणून मी हा भाग पुन्हा घेतो" एवढे म्हटले, तरी पुढच्या वेळी मुले खरे लिहितील. लिहिल्याने काही बदलते, हे दिसल्याशिवाय कोणी लिहीत नाही.

आपली जबाबदारी

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार महाविद्यालय विकास समितीवर विद्यार्थी परिषदेच्या अध्यक्षाला व सचिवाला स्थान आहे. महाविद्यालयाच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षातही विद्यार्थी, माजी विद्यार्थी आणि स्थानिक समाज यांच्या प्रतिनिधींची तरतूद आहे. आपल्यातील किती सुशिक्षित सभासदांनी आपल्या जुन्या महाविद्यालयात जाऊन या कक्षाची चौकशी केली आहे? वर्षातून एकदा अभ्यासिकेत मुलांना बसवून प्रश्नावली समजावून सांगणे, ती मराठीत लिहायलाही हरकत नाही असा धीर देणे आणि सर्वांच्या सामायिक अडचणी मंडळाच्या नावाने प्राचार्यांना सभ्य भाषेत कळवणे, एवढे तरी आपण करू शकतो. एकट्या मुलीच्या रोल नंबरावर जे ओझे पडते, ते मंडळाने उचलले तर हलके होईल.

त्या मुलीला आता आम्ही एवढेच सांगतो : तू खरे लिही, पण एकटीने लिहू नकोस. तुझ्या वर्गातील वीस जणांनी तेच लिहिले, तर ते सरासरीत हरवणार नाही.