मोटारीत ठेवलेले पिस्तूल

२०१५ च्या जून महिन्यात सॅन फ्रान्सिस्को शहरी एका केंद्रीय अंमलदाराच्या उभ्या मोटारीतून पिस्तूल चोरीस गेले आणि आठवडा उलटण्यापूर्वीच त्याच हत्याराच्या गोळीने बंदराच्या धक्क्यावर फिरावयास आलेल्या एका तरुणीचा प्राण गेला. त्यानंतर कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने जो कायदा संमत केला व जो १ जानेवारी २०१७ पासून अमलात आला, त्यान्वये पिस्तूल मोटारीत ठेवून जावयाचे झाल्यास ते डिकीत कुलूपबंद करणे, किंवा दृष्टीस न पडेल अशा कुलुपी पेटीत ठेवणे प्रत्येकास, खुद्द पोलिसांसही, बंधनकारक झाले. कसूर करणाऱ्यास १,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. चालकाच्या शेजारील खण कुलूप लावलेला असला, तरी कायद्याच्या लेखी तो सुरक्षित पेटी नव्हे, आणि हे सर्वथा योग्यच आहे, कारण चोराचा हात प्रथम तेथेच जातो. बंदुकीच्या कारखान्याचे चिन्ह काचेवर अभिमानाने मिरविणारा मालक तर चोरास जणू आमंत्रणच धाडीत असतो! हत्यार चोरीस गेल्याचे कळताच पाच दिवसांच्या आत वर्दी देणेही त्या राज्यात सक्तीचे आहे. मात्र हत्याराचा अनुक्रमांक मालकाने आधीच टिपून ठेवला नसेल, तर त्या वर्दीचा तपासास फारसा उपयोग होत नाही.