लेखांक ७ : हाताच्या अंतरावरचे स्पीकर

मागच्या दोन लेखांकांत आपण दिवाणखान्यात होतो. तिथे स्पीकर नऊ-दहा फुटांवर असतात आणि कानावर येणाऱ्या आवाजात भिंती, फरशी, छत यांचा वाटा स्पीकरइतकाच, कधी कधी जास्तही असतो. आज ऑफिसच्या टेबलाकडे वळू. इथे स्पीकर आणि कान यांच्यात जेमतेम ७० सेंटिमीटर अंतर असतं, आणि एवढ्या एका फरकाने निवडीचे जवळजवळ सगळे निकष बदलतात. माझं मत आधीच सांगतो. दार लावून घेता येईल अशी छोटी केबिन ज्यांच्याकडे आहे, त्यांना घरच्या हॉलपेक्षा चांगलं संगीत तिथे ऐकता येतं, तेही कमी खर्चात आणि कमी आवाजात.

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे २.८ मीटरवरचा स्पीकर ७० सेंटिमीटरवर आणला, तर कानाला तेवढाच आवाज द्यायला त्याला एक-सोळांश ताकद पुरते. स्पीकर हळू वाजत असल्यामुळे भिंतींवरून परतणारा आवाजही हळूच राहतो. केबिनला एका बाजूला काच, दुसऱ्या बाजूला लॅमिनेटचं पार्टिशन आणि खाली गुळगुळीत टाइल्स असल्या, तरी त्यांचा त्रास खूप कमी होतो. गायकाने घेतलेला श्वास, तबल्याच्या शाईवर पडलेलं बोट, मींड संपताना तारेवर होणारं घर्षण या गोष्टी जवळून लख्ख ऐकू येतात.

असं जवळून ऐकण्याचा फार बारकाईने विचार १९७० च्या दशकात बीबीसीने केला. स्टुडिओबाहेरच्या कार्यक्रमांचं प्रक्षेपण त्यांना गाडीत बसून सांभाळावं लागे. गाडीत मोठ्या स्पीकरला जागा नव्हती, पण निवेदकाचा आवाज खरा वाटतो की नाही हे तिथेच ठरवायचं होतं. त्यासाठी त्यांच्या संशोधन विभागातल्या अभियंत्यांनी एलएस३/५ए हा स्पीकर घडवला. त्याची उंची सुमारे ३० सेंटिमीटर, रुंदी १९, खोली १६ आणि आतली जागा ५ लिटरच्या आसपास. वूफर आणि ट्विटर दोन्ही केईएफ कंपनीचे. एवढ्याशा खोक्यातून सगळं मिळणार नाही, हे या अभियंत्यांनी सुरुवातीलाच मान्य केलं. खोल खर्ज सोडला, मोठा आवाज सोडला आणि सगळी मेहनत माणसाच्या आवाजाच्या पट्ट्यावर लावली. खोक्याच्या पातळ लाकडी भिंतींना आतून जड थर चिकटवून त्यांचा कंप दाबला. १०० हर्ट्झच्या थोडा वरचा भाग किंचित उचलून धरला, त्यामुळे छोटा स्पीकर किरकिरा वाटत नाही. हा स्पीकर आजही बनतो. तो महाग आहे आणि त्याला वेगळा ॲम्प्लिफायर लागतो, म्हणून ऑफिससाठी मी तो सुचवत नाही. काय सोडायचं याचा त्यांचा निर्णय मात्र जसाच्या तसा उचलावा.

याउलट ‘स्टुडिओत वापरतात, मग चांगलाच असणार’ या सल्ल्यापासून सावध राहा. १९७८ साली आलेला यामाहाचा एनएस-१० हा पांढऱ्या वूफरचा स्पीकर जगभरच्या स्टुडिओंमध्ये मिक्सिंगच्या टेबलावर दिसायचा. ध्वनिमुद्रणातले दोष तो ठळकपणे पुढे आणतो, म्हणून अभियंत्यांना तो हवा असे. तुम्हाला कामाच्या जोडीने दोन-तीन तास ऐकायचं आहे. त्यासाठी तो थकवणारा आहे.

आता खर्जाचा प्रश्न. दुकानात सगळ्यात आधी ‘सबवूफरवाला सेट दाखवू का?’ असं विचारतात. टेबलाखाली सबवूफर ठेवू नये, हे मी ठामपणे सांगेन. ५० हर्ट्झची ध्वनिलहर जवळजवळ ७ मीटर लांब असते. प्लायवूडचं पार्टिशन तिला अडवू शकत नाही. तुमचं गाणं शेजाऱ्याला ऐकू जात नाही, पण धपधप पोचते, आणि भांडण तिथूनच सुरू होतं.

सबवूफरशिवाय खर्ज अर्धामुर्धा ऐकू येईल, ही भीती आपल्या संगीतापुरती तरी बरीचशी निराधार आहे. गायक काळी एकमध्ये गात असेल, तर त्याचा षड्ज १३८ हर्ट्झच्या आसपास असतो आणि तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, साधारण ६९ वर. तीन-चार इंची वूफर तिथे बराच ढिला पडलेला असतो. तरीही खर्ज ऐकू येतो, कारण त्या एका तारेतून ६९ च्या पटीतले स्वरांशही निघतात. ते १३८, २०८, २७७, ३४६ असे वर चढत जातात आणि त्यांच्यातल्या समान अंतरावरून मेंदू मूळ स्वर उभा करतो. जवारी नीट लागलेली असेल तर हे वरचे स्वरांश अधिकच झळाळतात. तानपुरे घडवणाऱ्या मिरजेच्या कारागिरांचं कसब पणाला लागतं ते याच कामात. मूळ ६९ धरून या रांगेतला पाचवा, ३४६ हर्ट्झचा, म्हणजे कुणीही न छेडता कानावर येणारा स्वयंभू गंधार. तो छोट्या स्पीकरच्या अगदी आवाक्यात आहे.

म्हणून स्पीकर तपासायला ख्यालाच्या मुद्रणातला सुरुवातीचा, नुसत्या तानपुऱ्यांचा भाग लावा. गंधार स्वतंत्र उमटतो का? दोन तानपुरे असतील तर ते दोन ठिकाणी बसलेले जाणवतात का, की मधोमध एकच गुंजारव होतो? त्यानंतर डग्ग्याची घसीट असलेला तुकडा ऐका. घुमारा वर सरकताना त्याचा स्वर कळला पाहिजे. नुसतं ‘ढुम’ ऐकू येत असेल तर तो सेट राहू द्या.

चांगला स्पीकर आणूनही टेबल सगळं बिघडवू शकतं, आणि याकडे फार कमी लोक लक्ष देतात. समजा ट्विटर टेबलापासून २० सेंटिमीटर वर आहे, कान ४० सेंटिमीटर वर आहे आणि दोघांत ७० सेंटिमीटर आडवं अंतर आहे. सरळ येणारा आवाज ७३ सेंटिमीटर चालतो, तर टेबलावर आपटून येणारा ९२. या १९ सेंटिमीटरच्या फरकामुळे ८८० हर्ट्झच्या आसपास दोन्ही लहरी एकमेकींना खोडतात आणि तिथे खड्डा पडतो. ‘आ’ या स्वराचा रंग साधारण ७०० ते १२०० हर्ट्झच्या पट्ट्यात घडतो. म्हणजे हा खड्डा बरोबर आकाराच्या पोटात पडतो. गायकाचा खुला आवाज कोंदट, डब्यातून आल्यासारखा वाटतो आणि माणूस स्पीकरला नावं ठेवतो.

स्पीकर उचलून ट्विटर कानाच्या उंचीवर आणला की परतणाऱ्या आवाजाची वाट लांबते. तो क्षीण होतो आणि खड्डा उथळ होऊन ४७० हर्ट्झकडे उतरतो. टेबलावर पातळ कापड अंथरून या पट्ट्यात काहीच साधत नाही. त्यापेक्षा एक छोटा आरसा टेबलावर सरकवत न्या. खुर्चीत बसल्या बसल्या आरशात ट्विटर दिसला, की आवाज टेबलावर नेमका कुठे आपटतो ते समजतं. स्पीकर टेबलाच्या पुढच्या कडेकडे ओढला आणि उंचावला, तर ती जागा टेबलाबाहेरही काढता येते. दोन स्पीकर आणि डोकं यांचा समभुज त्रिकोण करा, स्पीकरची तोंडं कानांकडे वळवा, आणि ते स्क्रीनच्या मागे दडलेले नसावेत. पोर्ट मागच्या बाजूला असेल तर भिंतीपासून थोडी जागा सोडा, नाहीतर खर्ज फुगतो.

खरेदीचं बोलू. ॲम्प्लिफायर आतच असलेला, म्हणजे ॲक्टिव्ह स्पीकर घ्यावा. टेबलावर आणखी एक डबा नको. वूफर तीन ते पाच इंची पुरे. जवळून ऐकताना वूफर आणि ट्विटर यांच्यातलं अंतरही खटकू शकतं, कारण मान थोडी वर-खाली झाली तरी दोघांचा मेळ बदलतो. ट्विटर वूफरच्या मध्यावर बसवलेली रचना इथे फार उपयोगी पडते. केईएफने ती १९८८ पासून वापरली आहे आणि २०१२ मध्ये एलएस३/५एच्या स्मृतीने काढलेल्या एलएस५० मध्येही तीच आहे. काही छोट्या ॲक्टिव्ह स्पीकरांवर टेबलासाठी वेगळं बटण असतं. टेबलामुळे फुगणारा भाग ते कमी करतं. ते असेल तर जरूर वापरा.

दुकानात दोन परीक्षा चुकवू नका. पहिली, काहीही न वाजवता स्पीकर चालू करायचा आणि कान ट्विटरपासून हातभर अंतरावर न्यायचा. अनेक स्वस्त ॲक्टिव्ह स्पीकरांतून सतत सूंऽऽ ऐकू येतं. हॉलमध्ये ते कधीच कळणार नाही, पण ऑफिसात एसी बंद झाल्यावर आलाप ऐकताना ते असह्य होतं. लॅमिंग्टन रोड किंवा तापकीर गल्लीसारख्या इलेक्ट्रॉनिक्स बाजाराच्या गजबजाटात ते ऐकूच येत नाही. तेव्हा दुकानदाराला आतल्या खोलीत नेऊन दाखवायला सांगा किंवा परत घेण्याची बोली आधी करून घ्या. दुसरी, आवाज तुम्ही ऑफिसात ठेवाल तेवढाच ठेवून ऐका. आवाज हळू असताना कानाला खर्ज जास्त कमी भासतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं होतं. मोठ्याने वाजवलेला जवळजवळ कुठलाही स्पीकर भरदार वाटतो.

जोडणी यूएसबीने किंवा साध्या तारेने करा. ब्लूटूथ गाण्याला चालतं, मीटिंगच्या व्हिडिओत मात्र ओठ आणि शब्द मागेपुढे होऊ शकतात. तार जोडल्यावर घूंऽ असा आवाज आला, तर संगणक आणि स्पीकर दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घेऊन पाहा. बहुतेक वेळा घोळ अर्थिंगचा असतो.

हे सगळं दार असलेल्या केबिनसाठी झालं. खुल्या हॉलमध्ये, शेजारी शेजारी बसणाऱ्यांनी स्पीकर घेऊच नयेत. त्यांच्यासाठी पुढच्या आठवड्यात हेडफोन: उघड्या पाठीचे आणि बंद पाठीचे, आणि ३०० ओहमच्या हेडफोनला लॅपटॉप का पुरत नाही ते.