फोन एंगेज का लागतो?

ऑफिससाठी फोनची यंत्रणा घ्यायची ठरली की पहिली चौकशी होते ती माणसांची. वीस माणसं, म्हणून वीस एक्स्टेंशन, आणि त्यावरच कोटेशन येतं. पण गिऱ्हाइकाला फोन एंगेज लागतो तो एक्स्टेंशन कमी पडल्यामुळे नव्हे, बाहेरच्या लाइन्स कमी पडल्यामुळे. म्हणून आधी मोजायला हवा तो दिवसातला सर्वांत गर्दीचा तास.

हे गणित कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग या डॅनिश गणितज्ञाने १९१७ साली सूत्रात बसवलं. समजा, बंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात सकाळी अकरा ते बारा या वेळात तीस कॉल होतात आणि प्रत्येक कॉल सरासरी सहा मिनिटं चालतो. एकूण १८० मिनिटं, म्हणजे तीन तासांचं बोलणं एका तासात. तीन लाइन्स पुरतील असं कुणालाही वाटेल. पण कॉल रांग लावून येत नाहीत. कधी पाच एकदम येतात, कधी दहा मिनिटं सामसूम असते. एर्लांगच्या सूत्रानुसार तीन लाइन्सवर साधारण ३५ टक्के कॉलना एंगेज टोन मिळेल. सहा लाइन्स घेतल्या तर पाच टक्क्यांना, आठ घेतल्या तर एक टक्क्यापेक्षाही कमी. आणि धंदा दुप्पट वाढला तरी लाइन्स सोळा लागत नाहीत, तेराच पुरतात! लाइन्स जितक्या जास्त, तितकी प्रत्येक लाइन अधिक वापरात राहते. म्हणूनच विक्री आणि सर्व्हिस या खात्यांना वेगवेगळ्या लाइन्स वाटून देण्यापेक्षा सगळ्या एकत्र ठेवाव्यात, असं माझं ठाम मत आहे.

आपल्याकडचं वापराचं मान ओळखून यंत्र घडवण्याचं काम १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेने करून दाखवलं. दिल्ली आणि बंगळुरूत तिच्या तरुण इंजिनिअरांनी काम केलं. ऑफिसांसाठीचं १२८ पोर्टचं ईपीएबीएक्स, म्हणजे ऑफिसातलं खासगी एक्स्चेंज, आणि खेड्यांसाठीचं तेवढ्याच पोर्टचं स्वयंचलित एक्स्चेंज हे तिचं सुरुवातीचं काम. त्यातलं पहिलं ग्रामीण एक्स्चेंज १९८६ साली बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरला बसलं. वातानुकूलनाशिवाय, धुळीत आणि उन्हाळ्यात चालेल अशी त्याची रचना होती. परदेशी एक्स्चेंजला थंड खोली लागे. ती कित्तूरला कुठून आणायची? मला या कामाचं मोल फार वाटतं.

आता आवाज इंटरनेटवरून जातो. सेकंदाला आठ हजार वेळा आवाजाचा नमुना घेऊन एका कॉलचे ६४ किलोबिट होतात. आवाज डेटाच्या छोट्या पाकिटांतून जातो, त्या पाकिटांवरच्या पत्त्यांसकट नव्वदच्या आसपास. दहा कॉलना एकेका दिशेला एक मेगाबिटही लागत नाही. म्हणून शंभर मेगाबिटची जाहिरात पाहून भुलू नये. बोलणं बिघडतं ते विलंबाने. एका बाजूचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. ऑफिसात कुणी मोठी फाइल चढवत असेल तेव्हा राउटरने आवाजाच्या पाकिटांना आधी वाट द्यायला हवी. ही सोय आहे का आणि ती चालू करून देणार का, हे विक्रेत्याला विचारा.

विजेचाही विचार आधीच करायला हवा. तांब्याच्या तारेवरच्या जुन्या फोनला एक्स्चेंजमधूनच ४८ व्होल्टचा पुरवठा मिळे. घरातली वीज गेली तरी तो चालू राही. इंटरनेटवरून चालणारा आयपी फोन, स्विच आणि राउटर तिन्हींना ऑफिसातलीच वीज लागते, तेव्हा यूपीएस घेताना संगणकांबरोबर या तिन्हींचाही भार धरायचा, आणि एक मोबाइल क्रमांक ठेवायचा, ज्यावर वीज गेल्यावर कॉल आपोआप वळतील.