टाइमप्लीज आणि कच्चे लिंबू

मुलांचा खेळ गल्लीत रंगात आला, की दोन शब्द हमखास कानी पडतात. चपलेचा बंद तुटला किंवा आईने हाक मारली, की कोणीतरी ‘टाइमप्लीज’ म्हणून ओरडतो आणि खेळ तेवढ्यापुरता थांबतो. धाकट्या भावंडाला मात्र ‘कच्चे लिंबू’ ठरवितात; ते बाद झाले तरी बाद धरावयाचे नाही, त्याच्यावर राज्य द्यावयाचे नाही. हे नियम कोणी लिहून ठेवलेले नाहीत. खेळांची नावे प्रांतागणिक बदलतात; आमच्या रायपुरात लगोरीला पिट्ठूल व गोट्यांना बांटी म्हणतात, आणि 2022 साली छत्तीसगढ शासनाने भरविलेल्या छत्तीसगढिया ऑलिंपिकमधील 14 प्रकारांत या दोहोंनाही स्थान होते. गल्लीत मात्र वाद पडला तर तो खेळणाऱ्यांनीच मिटवावयाचा, ही रीत सर्वत्र सारखीच.

पडद्यावरच्या खेळात ही सोय नाही. तेथे ज्याच्याशी वाद घालावा असा कोणी समोरच नसतो. व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांच्या बारीकसारीक तक्रारी ऐकल्या, तर त्यांचे मूळ बहुधा येथेच सापडते.

यांतील काही तक्रारी निव्वळ घाईगर्दीतून जन्मतात. 1982 साली अटारी कंपनीने ‘ई.टी.’ या चित्रपटावरून खेळ काढला. नाताळची बाजारपेठ गाठावयाची म्हणून हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ यांना त्याच्या रचनेसाठी जेमतेम पाच आठवडे मिळाले. परिणामी खेळाडू पुनःपुन्हा खड्ड्यांत पडे, आणि वर येतो न येतो तोच पुन्हा पडे. न खपलेल्या प्रती अखेर अमेरिकेतील आलामोगोर्दो येथे जमिनीत पुरण्यात आल्या. 2014 साली त्यांतील काही उकरून काढल्या गेल्या. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ (1985) हा उत्तम खेळ. पण त्यात झालेली प्रगती जपून ठेवण्याची सोय नव्हती. दूरदर्शन संचाला जोडावयाच्या खेळयंत्रावर तो खेळणाऱ्या मुलांना, वीज गेली की आरंभापासून सारी वाट पुन्हा चालावी लागे.

काही त्रास गमतीचे असतात. ‘डक हंट’मध्ये (1984) नेम चुकला की गवतातून कुत्रा डोके वर काढून खदखदा हसतो. त्याच्यावर बंदूक रोखून उपयोग नाही; त्याला गोळी लागतच नाही! अनेकांनी त्या कुत्र्यावर दात-ओठ खाल्ले. पण त्या रागात लोभही होता.

तिसरा प्रकार मात्र गंभीर आहे. येथे त्रास चुकून राहिलेला नसतो, तो हिशेबाने ठेवलेला असतो. ‘कँडी क्रश सागा’ (2012) हा खेळ फुकट मिळतो. त्यात पाच जीव असतात. ते गमावले की एकेक जीव परत मिळण्यास अर्धा तास थांबावे लागते. थांबणे नको असेल तर पैसे मोजावे. म्हणजे आधी खोळंबा करावयाचा आणि मग त्यातून सुटका विकावयाची! गल्लीत जी सवलत धाकट्या भावाला मायेने मिळे, तिला येथे किंमत लागली आहे.

‘टाइमप्लीज’ची कथा याहून घरगुती आहे. ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’सारख्या खेळात एका डावात सुमारे शंभर खेळाडू उतरतात व डाव अर्ध्या तासापर्यंत चालू शकतो. एकासाठी इतरांना थांबविता येत नाही, आणि मध्येच उठले तर सोबती अडचणीत येतात. जेवणाची पाने वाढली असता मुलगा ‘पाच मिनिटे’ म्हणतो, तेव्हा ती प्रत्येक वेळी सबब नसते. तो खरेच अडकलेला असतो, आणि आईचा रागही खराच असतो. दोष आहे तो खेळाच्या घडणीचा, पण भांडण होते ते घरात.

खेळ याहून निराळा रचता येतो, याचे दाखले आहेत. 1986 साली ‘ग्रेडियस’ खेळाची घरगुती आवृत्ती तयार करताना काझुहिसा हाशिमोतो यांना तो स्वतःलाच अतिशय अवघड वाटला. म्हणून त्यांनी कळा विशिष्ट क्रमाने दाबल्या असता बळ मिळावे अशी गुप्त युक्ती त्यात घातली. पुढे ‘कॉन्ट्रा’मध्ये त्याच युक्तीने तीनऐवजी तीस जीव मिळू लागले. ‘सेलेस्ट’ या 2018 च्या खेळाने तर हे उघडपणे केले. डोंगर चढण्याचा हा खेळ फार कठीण आहे. परंतु ज्याला हवे त्याला त्याची गती कमी करता येते, पात्राला इजा होऊ नये अशीही व्यवस्था करता येते. कच्चे लिंबू तेथे मानाने परत आले आहे.

पालकांनी खेळ हाती देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. हा खेळ मध्येच थांबविता येतो काय? केलेली प्रगती जपून राहते काय? आणि अडलेल्या ठिकाणी तो पैसे मागतो काय? डाव मोठा असेल तर तो जेवणापूर्वी पुरा होईल अशा बेताने सुरू करावा. पैशांच्या व्यवहाराचा सांकेतिक शब्द मोठ्यांनी आपल्यापाशी ठेवावा. आणि एखाद्या संध्याकाळी मुलांना पिट्ठूल खेळण्यास अवश्य पाठवावे. तेथे ‘टाइमप्लीज’ म्हटले, की चेंडू हातातच थांबतो.