दुसऱ्या गाडीचा खर्च डिझेलमधून सुटतो का?

गंगापूर रोडवर राहायचं आणि द्राक्षबाग मात्र दिंडोरीकडे किंवा गिरणारेच्या पुढे, अशी कुटुंबं नाशकात पुष्कळ आहेत. दारात एक दणकट डिझेल गाडी असते. औषधांचे डबे, ठिबकच्या नळ्या, रिकामे कॅरेट, चार मजूर, सगळं त्याच गाडीतून जातं. तीच गाडी सोमवारी सकाळी जेहान सर्कलच्या सिग्नलला एकट्या माणसाला घेऊन उभी असते. मग घरात विषय निघतो, की गावात फिरायला एखादी छोटी कार घेऊ, डिझेलच्या पैशातच ती सुटेल. या एका वाक्यात बरेच गैरसमज आहेत, आणि त्यांची किंमत दरवर्षी हजारो रुपयांत मोजावी लागते.

गैरसमज : छोटी गाडी कमी पिते, म्हणजे पैसे वाचतात.

इंधनाचे भाव बदलत राहतात. हिशेबापुरतं डिझेल ९१ रुपये, पेट्रोल १०४ रुपये आणि सीएनजी किलोला ९२ रुपये धरू. मोठी गाडी शहरात लिटरला १२ किलोमीटर देत असेल, तर किलोमीटरला साडेसात रुपये पडतात. छोटी पेट्रोल कार गर्दीत १६ चा अ‍ॅव्हरेज देते, म्हणजे साडेसहा रुपये. फरक जेमतेम एका रुपयाचा. घरून अंबडला जाऊन-येऊन रोज २० किलोमीटर आणि वर्षाचे ३०० दिवस धरले तर ६,००० किलोमीटर होतात आणि वाचतात साधारण साडेसहा हजार रुपये. त्यात छोट्या गाडीचा विमासुद्धा धड निघत नाही.

सीएनजीचं गणित बरं आहे. किलोला २५ किलोमीटर धरले, तर किलोमीटरमागे चार रुपयांच्या आसपास वाचतात. पण समोरची बाजूही मांडायला हवी. साडेतीन लाखांची जुनी सीएनजी कार घेतली, की तिची किंमत वर्षाला अंदाजे ३५ हजारांनी उतरते. तेच पैसे ७ टक्क्यांच्या ठेवीत असते तर साडेचोवीस हजार व्याज आलं असतं. विम्याचे दहा हजार, सर्व्हिसिंग, बॅटरी आणि पीयूसीचे दहा हजार. सगळे मिळून ८० हजार. मोठ्या गाडीच्या टायरची आणि सर्व्हिसिंगची झीज वाचते म्हणून किलोमीटरमागे दीड रुपया वाढवून दिला, तरी हा खर्च भरून यायला वर्षाला जवळपास पंधरा हजार किलोमीटर, म्हणजे रोज ५० किलोमीटर चालवावं लागतं. सातपूर-अंबडला जाणाऱ्याचं एवढं होत नाही. सिन्नरच्या कारखान्यात नोकरी असेल, जाऊन-येऊन साठ-सत्तर होत असतील, तर मात्र दुसरी गाडी खरोखर परवडते.

कार नवी घेतली तर हिशेब आणखी जड होतो. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल कारला ११ टक्के एकरकमी कर आहे. सहा लाखांच्या गाडीवर ६६ हजार रुपये पहिल्याच दिवशी जातात.

गैरसमज : मोठी गाडी कमी चालवली, की तिची किंमत टिकते.

विमा कंपनी गाडीची किंमत ठरवते तेव्हा वर्षं मोजते. चार वर्षं पूर्ण झाली की पाचव्या वर्षात मूळ किमतीतून ५० टक्के वजा होतात, मग मीटर ३० हजारांवर असो की ९० हजारांवर. विकताना कमी रनिंगचे थोडे जास्त पैसे येतात, हे खरं. पण उभ्या गाडीचंही वय वाढतं, रबर कडक होतं, बॅटरी उतरते.

गैरसमज : गाड्या दोन असल्या तरी विमा तेवढाच.

दोन्ही गाड्यांना थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. जून २०२२ पासूनच्या दरांनुसार १,५०० सीसीच्या वरच्या कारला ७,८९७ रुपये आणि १,००० ते १,५०० सीसीच्या कारला ३,४१६ रुपये पडतात. जुन्या गाडीवर पाच वर्षं क्लेम न करता ५० टक्के बोनस मिळवला असेल, तर तो त्या पॉलिसीवरच राहतो. जास्तीची म्हणून घेतलेली दुसरी गाडी शून्यापासून सुरू होते.

दुसऱ्या गाडीच्या बाजूचा एक मुद्दा मात्र भक्कम आहे, आणि तो फारसा कोणी मांडत नाही. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या मार्गात काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती काजळी जळून जायला गाडी काही वेळ सलग, बऱ्या वेगात चालावी लागते. अशोक स्तंभ ते आनंदवल्ली एवढ्याच फेऱ्या रोज मारल्या तर फिल्टर तुंबतो, आणि त्याची दुरुस्ती महागात जाते. बागेवर आठवड्याला चक्कर होत असेल तर काळजी नाही.

छोट्या फेऱ्यांसाठी माझं मत स्कूटरकडे झुकतं. लिटरला ४५ किलोमीटर म्हणजे किलोमीटरला सव्वादोन-अडीच रुपये. त्याच ६,००० किलोमीटरमागे इंधनाचे ३१ हजारांहून जास्त वाचतात, आणि लाखभराच्या स्कूटरचा घसारा, व्याज, विमा, सर्व्हिसिंग धरून वर्षाला २२-२५ हजार जातात. पावसाळ्यात आणि मुलांना सोडताना मोठी गाडी काढावी लागेल, तरी हिशेब फायद्यातच राहतो.

आणि एक प्रश्न उलटाही विचारायला हवा. जास्तीची गाडी नक्की कोणती? ऑक्टोबरच्या छाटणीपासून माल निघेपर्यंत गाडीची ओढाताण असते, बाकीचे महिने तिच्यात सामान कितीदा भरतो? भाड्याचा पिकअप सीझनमध्ये सहज मिळतो, टोमॅटो तर कितीतरी शेतकरी कॅरेटमागे भाडं देऊनच बाजारात पाठवतात. घरचाच पिकअप चालवायचा तर त्यासाठी वेगळं लायसन्स लागतं, ही समजूतही आता सोडून द्यावी. साडेसात हजार किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला साधं हलक्या वाहनाचं लायसन्स चालतं, असा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा नोव्हेंबर २०२४ चा निकाल आहे. गेल्या वर्षी मोठ्या गाडीत खरोखर ओझं भरलं ते दिवस डायरीत मोजावेत. महिन्याला दोन-तीनच भरले, तर विकायची गाडी मोठी आहे. मग एकच छोटी सीएनजी कार ठेवावी आणि ओझ्याच्या दिवशी पिकअप भाड्याने बोलवावा.