‘वेणा’ : एका विरळ नदीनामाचा अर्थ आणि प्रसार

क्षेत्र महाबळेश्वर येथील पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री या पाच नद्यांचे उगम एकत्र आले आहेत, अशी श्रद्धा आहे. यांपैकी सावित्री, गायत्री आणि कृष्णा ही नावे मराठी स्त्रियांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या रुळलेली आहेत. वेणा आणि कोयना ही नावे मात्र विरळच राहिली. एकाच गोमुखातून आलेल्या नावांच्या वाट्याला असे भिन्न भाग्य का यावे, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटला तरी नामविचाराच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. निसर्गातील वस्तूचे नाव व्यक्तिनाम केव्हा होते आणि त्याला अर्थ कोठून येतो, याचा शोध ‘वेणा’ या नावाच्या आधारे प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे.

प्रथम शब्दाचा विचार करू. आज साताऱ्याच्या परिसरात नदीचे नाव ‘वेण्णा’ असे द्वित्त णकाराने लिहिले जाते. ‘वेणा’ हे त्याचेच दुसरे रूप होय. महाभारतातील नद्यांच्या नामावळीत ‘वेणा’ आणि ‘कृष्णवेणा’ ही नावे येतात. विदर्भातही वेणा नावाची नदी आहे. म्हणजे हा शब्द एका जिल्ह्यापुरता नाही. व्यक्तिनाम म्हणून मात्र त्याची दोन जवळच्या शब्दांशी गल्लत होते. ‘वेणू’ म्हणजे वेळू आणि त्यापासून झालेली बासरी. फलटणच्या वेणूताई चव्हाण यांच्यामुळे हे नाव सातारा जिल्ह्याला विशेष परिचित झाले. ‘वेणी’ म्हणजे केसांचा पेड. त्यावरून प्रवाहांची गुंफण हा अर्थ आला आणि ‘त्रिवेणी’ हा शब्द घडला. ‘कृष्णवेणी’ हे तेलुगू आणि कन्नड भाषकांत प्रचलित असलेले स्त्रीनाम याच वळणाचे आहे. तेव्हा ‘वेणा’ हे नाव कानावर पडले की कोणाला बासरी आठवते, तर कोणाला वेणी. नदी आठवतेच असे नाही.

नद्यांची नावे मुलींना देण्याविषयी धर्मशास्त्राची भूमिका काय होती, हेही पाहण्यासारखे आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात विवाहास वर्ज्य कन्यांची गणना करताना नक्षत्र, वृक्ष आणि नदी यांची नावे असलेल्या कन्याही वर्ज्य सांगितल्या आहेत. उलट दुसऱ्या अध्यायात स्त्रीनाम सुखाने उच्चारता यावे, स्पष्टार्थ आणि मंगल असावे, त्याचा शेवट दीर्घ स्वराने व्हावा, अशी अपेक्षा आहे. ‘वेणा’ हे नाव दुसऱ्या नियमात सहज बसते आणि पहिल्याने बाद ठरते. लोकव्यवहाराने मात्र पहिला नियम मानला नाही. गंगा, यमुना, गोदावरी, नर्मदा, भागीरथी, चंद्रभागा या नावांच्या स्त्रिया मराठी घरांत सर्वत्र होत्या. त्यामुळे ‘वेणा’च्या विरळतेचे कारण शास्त्राच्या निषेधात सापडणार नाही.

ते कारण नावाभोवतीच्या स्मृतीत शोधावे लागते. गंगा आणि गोदावरी यांच्यामागे तीर्थमाहात्म्य उभे आहे. सावित्री हे नाव नदीवरून आले असे कोणी म्हणणार नाही. त्यामागे वटसावित्रीचे व्रत आहे आणि सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे १८३१ मध्ये जन्मलेल्या सावित्रीबाई फुले यांच्या कार्याने त्याला नवा अर्थ दिला आहे. गायत्रीमागे मंत्र आहे. कृष्णेमागे कृष्ण या देवनामाचे साहचर्य आहेच, शिवाय वाईच्या घाटांवरील कृष्णामाईचा उत्सवही आहे. वेण्णेची कथा नाही असे नव्हे. सावित्रीच्या शापाने विष्णूची कृष्णा, शिवाची वेण्णा आणि ब्रह्मदेवाची ककुद्मती म्हणजे कोयना झाली, असे स्थलपुराण सांगते. पण ही कथा माहात्म्यग्रंथात राहिली; ती घरोघरच्या व्रतात उतरली नाही. कोयनेच्या बाबतीत तर पुढे धरण, वीज आणि ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप हीच साहचर्ये प्रबळ झाली.

यात भूगोलाचाही वाटा आहे. वेण्णा मेढ्यावरून जावळीच्या खोऱ्यातून वाहते आणि साताऱ्याजवळ माहुली येथे कृष्णेस मिळते. तेथून पुढे कराडला कोयना, सांगलीजवळ हरिपूरला वारणा कृष्णेत येते. नाव मात्र कृष्णेचेच चालते. विवाहानंतर सुनेचे नाव बदलण्याच्या रूढीत असेच घडे. म्हणून जुन्या स्त्रीनामांच्या अभ्यासकाने कागदपत्रातील नाव माहेरचे की सासरचे, हे आधी तपासले पाहिजे. वेण्णेचे नाव संगमानंतर अगदीच लोपले, असेही नाही. सांगलीच्या खाली नरसोबाच्या वाडीला दत्तसंप्रदायाने ‘कृष्णावेणी’ या जोडनावाने नदीची उपासना चालू ठेवली आहे.

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ‘वेणा’ हे नाव टिकले ते एका स्त्रीमुळे. समर्थ रामदासांच्या शिष्या वेणाबाई या बालविधवा होत्या. सतराव्या शतकात, ज्या काळी विधवेचे सार्वजनिक जीवन जवळजवळ संपलेले असे, त्या काळी त्यांनी कीर्तन केले, मिरजेचा मठ सांभाळला आणि ‘सीतास्वयंवर’ हा ग्रंथ रचला. त्यांची समाधी सज्जनगडावर आहे. सांगली जिल्ह्यातील मठ आणि सातारा जिल्ह्यातील समाधी या दोन ठिकाणांमध्ये हे नाव आजही भक्तिभावाने उच्चारले जाते. तेथे ‘वेणा’ म्हणजे बासरीही नव्हे आणि वेणीही नव्हे. तेथे तो एका कवयित्रीचा बोध आहे. शब्दकोशाने न दिलेला अर्थ नाव धारण करणाऱ्या व्यक्तीने दिला, असे येथे म्हणावे लागते.

कोशातील अर्थ आणि नामकरणाचा अर्थ यांतील अंतर आणखी एका उदाहरणाने स्पष्ट होईल. ‘धोंडू’, ‘दगडू’ ही नावेही निसर्गातील वस्तूंचीच आहेत. मुले जगत नसलेल्या घरात झालेला मुलगा दृष्ट न लागता वाचावा म्हणून ती ठेवली जात. शब्द तुच्छतेचा, हेतू मात्र मायेचा. ‘नकुशी’ किंवा ‘नकुसा’ या नावात असा आडपडदा नाही. मुलाची वाट पाहणाऱ्या घरात तिसरी-चौथी मुलगी झाली की ही मुलगी नको होती, पुढचा मुलगा व्हावा, या भावनेने ते नाव दिले जाई. धोंडूच्या नावामागे त्याला राखण्याची धडपड आहे, नकुशीच्या नावामागे तिला नाकारण्याची. शाळेच्या हजेरीत रोज उच्चारला जाणारा हा नकार मुलीला समजत नसेल, असे मानण्याचे कारण नाही.

२०११ च्या जनगणनेच्या प्राथमिक आकड्यांनुसार शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे सातारा जिल्ह्यात ८८१ आणि सांगली जिल्ह्यात ८६२ मुली होत्या. त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात सातारा येथे झालेल्या समारंभात २८५ नकुशींना नवी नावे देण्यात आली. कोणी चित्रपटतारकेचे नाव घेतले, कोणी देवतेचे, कोणी केवळ शुभ अर्थाचे. एरवी बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते. बाळाला निवडीचा अधिकार नसतो. येथे मुलींना स्वतःचे नाव स्वतः निवडता आले, हे या घटनेचे वेगळेपण आहे. नावबदलाने समाजाची वृत्ती लगेच बदलत नाही, हे खरे. परंतु नाव हा माणसाचा समाजाने केलेला पहिला स्वीकार असेल, तर तो सन्मानाचा असावा, एवढा आग्रह त्यातून नोंदला गेला.

या पार्श्वभूमीवर ‘वेणा’ या नावाच्या प्रसाराकडे पाहिले पाहिजे. अलीकडे छोटे, वेगळे आणि निसर्गाशी नाते सांगणारे नाव शोधण्याकडे आईवडिलांचा कल दिसतो. दोन अक्षरी, आकारान्त, उच्चारसुलभ असे हे नाव त्या अपेक्षेत बसते. केवळ दुर्मीळ म्हणून ते निवडले, तर वापर वाढताच त्याचे आकर्षण ओसरेल. नदीची आणि कवयित्रीची ओळख ठेवून ते दिले गेले, तर त्याचा अर्थ मुलीबरोबर वाढत जाईल. नावाचा अर्थ सांगताना आपण बहुधा कोश उघडतो. सातारा-सांगलीचा हा अनुभव पाहता, ते नाव कोणी, कोणाला आणि कोणत्या मनाने दिले, हे विचारल्यावाचून तो अर्थ पूर्ण होत नाही.