अ‍ॅझुरला विचारा, तुझ्यात काय काय आहे?

टर्मिनल उघडा, अ‍ॅझुरमध्ये लॉगिन करा आणि ‘एझेड प्रोव्हायडर लिस्ट’ एवढंच लिहून एंटर दाबा. ओळींचा लोंढा सुरू होतो. मायक्रोसॉफ्ट डॉट कॉम्प्युट, मायक्रोसॉफ्ट डॉट स्टोरेज, मायक्रोसॉफ्ट डॉट नेटवर्क, गुपितं सांभाळणारा कीव्हॉल्ट, अगदी क्वांटमसुद्धा! यादी संपता संपत नाही.

बाहेरून एकसंध वाटणारा मायक्रोसॉफ्टचा अ‍ॅझुर क्लाउड आतून असा वेगवेगळ्या खात्यांचा बनलेला आहे. या खात्यांना रिसोर्स प्रोव्हायडर म्हणतात. आभासी यंत्रं कॉम्प्युटकडे, साठवण स्टोरेजकडे. तुम्ही पोर्टलवर बटण दाबा नाहीतर कमांड द्या, मागणी आधी जाते ती अ‍ॅझुर रिसोर्स मॅनेजरकडे. तो परवानगी तपासतो, मागणीच्या पत्त्यातलं प्रोव्हायडरचं नाव वाचतो आणि ती त्या खात्याकडे धाडतो. यादीतलं प्रत्येक नाव असं रोज, जगभर, पत्ता म्हणून राबत असतं.

आता ‘एझेड प्रोव्हायडर शो’ला एकच नाव द्या, कॉम्प्युटचं. ते खातं कोणकोणत्या वस्तू देतं, प्रत्येक वस्तू जगात कुठे मिळते, सगळं समोर येतं. त्यात ‘सेंट्रल इंडिया’ दिसलं की समजायचं, हे आपलं पुणे! ‘साउथ इंडिया’ म्हणजे चेन्नई, ‘वेस्ट इंडिया’ म्हणजे मुंबई; हे तिन्ही प्रदेश २०१५ साली सुरू झाले. एखादी सेवा पुण्यात मिळते का, हे माहितीपत्रकं चाळत बसण्यापेक्षा क्लाउडलाच विचारावं.

याच उत्तरात मला सर्वांत मोह पडतो तो एपीआयच्या, म्हणजे क्लाउडशी बोलण्याच्या नियमांच्या, आवृत्त्यांचा, कारण त्यांची नावं म्हणजे चक्क तारखा असतात. २०१५-०६-१५ ही त्यांतलीच एक. प्रत्येक मागणीत अशी एक तारीख सांगावीच लागते, म्हणजे कोणत्या दिवशीच्या नियमांनी बोलायचं ते आधीच ठरतं. नव्या तारखा येत राहतात, तरी जुन्या लगेच पुसल्या जात नाहीत. म्हणूनच काही वर्षांपूर्वी लिहिलेली स्क्रिप्ट आजही बिनबोभाट चालू शकते.

पहिल्या यादीत प्रत्येक नावापुढे नोंदणीची स्थितीही असते. बरीच खाती ‘नॉट रजिस्टर्ड’ दिसतात, आणि ते योग्यच आहे: जे वापरायचं नाही, त्याला आपल्या सबस्क्रिप्शनमध्ये शिरकाव कशाला? गरज पडली की ‘एझेड प्रोव्हायडर रजिस्टर’. नोंदणी एकेका प्रदेशात पूर्ण होत जाते. स्थिती ‘रजिस्टरिंग’वरच असली, तरी जिथली नोंदणी झाली तिथे काम सुरू करता येतं. अनेक जण उगाच थांबून राहतात.

पॉवरशेलवाल्यांसाठी यादी दाखवण्याचं काम ‘गेट-एझेडरिसोर्सप्रोव्हायडर’ करतं. नुसतं दिलं तर नोंदलेलीच खाती दिसतात. सोबत ‘लिस्टअव्हेलेबल’ जोडलं, की न नोंदलेलीही पुढे येतात.